पालथा ठेवलेला मोबाइल

गेल्या ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेने मला चित्रकला स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय 'तरुणाई आणि मानसिक आरोग्य', गट आठवी ते दहावी. सभागृहात सतरंजीवर 64 चित्रं ओळीने मांडली होती. वर पंखे चालू होते, म्हणून कोपऱ्यांवर डस्टर, पट्टी, कंपासपेटी असं हाताला लागेल ते वजन ठेवलेलं. पोस्टर कलर अजून पुरता वाळला नव्हता, त्याचा ओला, किंचित आंबूस वास हॉलभर होता. माझ्या हातात गुणपत्रक आलं. रकाने चार : विषयाची मांडणी, घोषवाक्य, रंगसंगती, सफाई. प्रत्येकी 25 गुण.

37 नंबरच्या चित्रात एक खाट होती. चौकड्यांची चादर आणि तिच्यावर पालथा ठेवलेला मोबाइल. वेळ रात्रीची. मोबाइलच्या कडांखालून उजेड बाहेर आला होता आणि त्या उजेडात चादरीच्या चार-सहा चौकड्या तेवढ्या दिसत होत्या. बाकी सगळा कागद गडद निळा. माणूस नाही, घोषवाक्य नाही. काम जलरंगातलं होतं आणि त्या मुलाने उजेडासाठी कागद कोरा सोडला होता, वरून पांढरा रंग थापला नव्हता. नववीतल्या मुलाला हे सहज जमत नाही. मी जरा थांबले. शेजारचे परीक्षक म्हणाले, "मोबाइलचे दुष्परिणाम हा मागच्या वर्षीचा विषय होता ना?" मीही मान हलवली. घोषवाक्याच्या रकान्यात शून्य पडलं, मांडणीत 6. एकूण 41. पुढचं चित्र.

बक्षीस समारंभ झाल्यावर मुलं आपापली चित्रं न्यायला आली. 37 नंबरचा मुलगा शेवटी आला. मी केवळ कौतुक करायचं म्हणून विचारलं, "मोबाइल तुझा का रे?" तो म्हणाला, "नाही मॅडम, पप्पांचा. बँकेचा फोन यायला लागला की ते असा पालथा ठेवतात. बंद नाही करत. वाजू देतात." घर निफाडकडे, द्राक्षाची बाग. माल उचलून नेलेला व्यापारी पैसे न देता निघून गेलेला. मुलगा नाशिकला मावशीकडे राहून शिकतो आणि शनिवारी घरी जातो. "शनिवारी रात्री मी जागाच असतो," म्हणाला. मग चित्राची गुंडाळी करता करता त्याने मला विचारलं, "विषय चुकला का माझा?"

तो ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन तपशील मी इथे बदलले आहेत. प्रश्न मात्र त्याच्याच शब्दांतला आहे आणि तो माझ्या मनातून जात नाही. त्याचा विषय चुकला नव्हता, आमचं गुणपत्रक चुकलं होतं. त्या 64 चित्रांत विषय खरोखर पोटातून मांडणारं बहुधा तेच एक चित्र होतं, आणि मी ते नापास करण्याच्या बेतात होते.

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन 1992 पासून पाळला जातो. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत तो साजरा करायची रूढ रीत आता ठरून गेली आहे : पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी, फार तर रील. नाशिकसारख्या चित्रकलेची आवड असलेल्या गावात तर याला प्रतिसादही भरपूर मिळतो. माझं म्हणणं असं आहे की चित्र राहू द्यावं आणि स्पर्धा काढून टाकावी. मुलाला त्याच्या मनाबद्दल चित्र काढायला सांगायचं असेल, तर ते चित्र बघून त्याच्याशी बोलणारं माणूस आधी शाळेत असलं पाहिजे. ते नसेल तर विषय दुसरा घ्यावा. निसर्गचित्र काढावं, त्यात काही कमीपणा नाही.

स्पर्धांनी काहीच साधलं नाही, असं मी म्हणणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत या विषयाला दोनच शब्द होते, 'नाटकं' आणि 'डोक्यावर परिणाम'. आज सातपूरच्या कामगार वस्तीतली आठवीची मुलगी कागदावर 'नैराश्य' हा शब्द न अडखळता लिहिते, तो घरी नेते, आई विचारते हे काय गं, आणि त्या निमित्ताने स्वयंपाकघरात तो शब्द उच्चारला जातो. हे स्पर्धेमुळे झालं. हौशी कलाशिक्षकांनी पदरचे रंग देऊन हे केलेलं मी पाहिलं आहे. त्यांच्या श्रमांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच तेच श्रम कुठे वाया जातात हे सांगावंसं वाटतं.

बक्षिसाचं चित्रावर काय होतं, हे बघणारे दोन जुने प्रयोग आहेत. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीतल्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांसमोर रंगीत मार्कर ठेवले. ही सगळी आपणहून आवडीने चित्रं काढणारी मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा मार्कर ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. दुसरा प्रयोग टेरेसा अमाबिले यांचा, 1982 चा. 7 ते 11 वर्षांच्या मुलींनी कागद चिकटवून चित्रं केली. एका गटाला सांगितलं होतं की उत्तम तीन चित्रांना बक्षीस आहे, दुसऱ्या गटात बक्षिसं चिठ्ठ्या टाकून द्यायची होती. नंतर चित्रकारांनी पाहिलं, तर स्पर्धेतल्या मुलींची चित्रं कल्पकतेत उणी ठरली. प्रयोग लहान आहेत, त्यावर इमले रचू नयेत. पण आपल्याकडच्या कुठल्याही कलाशिक्षकाला विचारा, तो म्हणेल की हे तर आम्ही रोज बघतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांमधलं 'स्मरणचित्र' आठवा. नावाप्रमाणे ते आठवणीतून यायला हवं. प्रत्यक्षात मुलं काय करतात? एक टोपलीवाली बाई, एक सायकलवाला, पाठमोरं एक मूल, अशा पाच-सहा आकृत्या घोटून ठेवतात आणि विषय 'आठवडे बाजार' येवो की 'बसस्टॉप', त्याच माणसांना उचलून तिथे बसवतात. दहावीला इंटरमिजिएटच्या अ श्रेणीचे 7, ब चे 5 आणि क चे 3 गुण मिळतात, तेव्हा मुलांचं तरी काय चुकलं? गुण जिथे, तिथे ठरलेला साचा येतोच.

मानसिक आरोग्याच्या पोस्टरचाही असा साचा तयार झाला आहे. अर्धा चेहरा काळा, अर्धा रंगीत. डोक्यात गुंतलेला दोरा. मेंदूवर धरलेली छत्री. गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसलेली आकृती आणि वरून येणारा एक हात. खाली यमक जुळवलेली ओळ, 'ताण सोडा, माणसं जोडा' या चालीची. त्या 64 चित्रांत डोकं हातात धरलेली माणसं मी मोजली नाहीत, पण पहिल्या ओळीत तरी एकाआड एक तीच होती. इंग्लंडमध्ये 'टाइम टू चेंज' नावाच्या मोहिमेने वर्तमानपत्रांना याच कारणासाठी विनंती केली होती की मानसिक आजाराच्या बातमीबरोबर डोकं धरून बसलेल्या माणसाचा फोटो छापणं थांबवा. आजारी माणूस दिवसभर डोकं धरून बसत नाही. तो क्लासला जातो, डबा खातो, इन्स्टाग्रामवर हसरा फोटो टाकतो. साच्यातली चित्रं बघून बघून आपला डोळा साच्याबाहेरचं दुःख ओळखायचं विसरतो. माझा विसरलाच होता. कोपऱ्यात बसलेला मुलगा मला लगेच कळला असता, पालथा मोबाइल कळला नाही.

साचा कधी कधी घातकही होतो. काही पोस्टरांवर मुलं आत्महत्येची साधनं रंगवतात, धक्का बसावा म्हणून. मोठी माणसं अशा चित्राला 'परिणामकारक' म्हणून गुण देतात. भारताच्या प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये वर्तमानपत्रांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नये, अशी छायाचित्रं वापरू नयेत, असं त्यांत आहे, कारण आधीच खचलेल्या माणसावर त्यांचा उलटा परिणाम होऊ शकतो. वर्तमानपत्राला जे वर्ज्य, ते शाळेच्या व्हरांड्यात महिनाभर टांगायचं? त्याउलट 2010 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांना असं आढळलं की संकटातून तरून गेलेल्या माणसांच्या हकिकती छापून आल्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसतं. म्हणजे मुलांपुढे ठेवायचा विषय निवडतानाच विचार हवा. 'तुला वाईट वाटलं तेव्हा तू कुठे जाऊन बसलास?' या प्रश्नावर येणारं चित्र 'नैराश्य' या विषयावर येणाऱ्या चित्रापेक्षा खरं असेल आणि बघणाऱ्यालाही काही देईल.

आता आकड्यांकडे वळते, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं चित्रकलेच्या बाईंचं हळवेपण वाटेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. सर्व वयोगट मिळून राज्यांत महाराष्ट्र पहिला, 22,746. त्याच अहवालात 18 वर्षांखालच्या मुलांची कारणं पाहिली तर 'कौटुंबिक समस्या' हा रकाना परीक्षेतल्या अपयशाच्या वर आहे. आमच्या हॉलमध्ये मात्र पुस्तकांच्या ढिगाखाली दबलेल्या मुलांची चित्रं रांगेने होती आणि घरातली गोष्ट सांगणारं चित्र विषयाबाहेर ठरलं. मुलांना माहीत असतं की शाळेत परीक्षेच्या ताणाबद्दल बोललेलं चालतं. पप्पांच्या कर्जाबद्दल, आईच्या रडण्याबद्दल, आजोबांच्या दारूबद्दल बोललेलं चालेल का, याची त्यांना खात्री नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्मे मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. चौदावं वर्ष म्हणजे आपली आठवी-नववी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातलं मानसिक आजारांचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. 60 च्या वर्गात चार मुलं धरा.

या चार मुलांसाठी शाळेत कोण आहे? सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी 15 मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत लावावेत. यात शाळा, महाविद्यालयं, कोचिंग क्लास, वसतिगृहं सगळी आली. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर क्लासचे जेवढे फलक दिसतात, ते सगळे आले. ज्या शाळेत मी परीक्षक होते तिथे समुपदेशक नव्हते. पण फ्लेक्स होता, स्मृतिचिन्हं होती, प्रमाणपत्रं होती, पाहुण्यांचा नाश्ता होता. हे एका शाळेचं पाप नव्हे. स्पर्धेचा फोटो निघतो, अहवालात लावता येतो. समुपदेशकाच्या खोलीचा फोटो निघत नाही, आणि निघूही नये. स्पर्धा घेतली की आपण 'केलं' असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटतं, आणि मला भीती आहे ती या प्रामाणिकपणाचीच.

एक उपाय मला कायम सुचवला जातो : समुपदेशक नसताना कलाशिक्षकाने चित्रावरून मुलाची मनःस्थिती ओळखावी. नाही, हे अजिबात करू नये. काळा रंग जास्त वापरला म्हणजे नैराश्य, हात काढले नाहीत म्हणजे असुरक्षितता, असले ठोकताळे समाजमाध्यमांवर खूप फिरतात. चित्र म्हणजे एक्स-रे नव्हे. मुलाकडचा पिवळा रंग संपलेला असू शकतो. 37 नंबरच्या मुलाने खाटेवर मोबाइल काढला, त्यावरून मी काय ओळखलं? काहीच नाही, उलट चूकच ओळखलं. मला कळलं ते मी विचारलं आणि त्याने सांगितलं म्हणून, तेही अपघाताने. कलाशिक्षकाला एवढं जमतं आणि एवढंच जमावं : चित्राशेजारी बसून 'हे काय आहे, सांगतोस?' असं विचारणं, ऐकणं, आणि ऐकलेलं कुणाकडे न्यायचं हे माहीत असणं.

नाशिकला हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. गोदाघाटावर बोर्ड मांडीवर घेऊन बसणारी मुलं आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत. चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी हा घाट महाराष्ट्रभर नेला. मीही विद्यार्थ्यांना नारोशंकराच्या देवळाच्या बाजूला रविवारी सकाळी नेत असे. तिथे नंबर नसतो. पाणी भरायला उठलं की शेजारच्याचं चित्र दिसतं, 'तुझी सावली मस्त आली' असं कुणी म्हणतं, आणि हात चालू असतात म्हणून तोंडही मोकळं सुटतं. मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारी शेजारी बसली की बोलतात. 'आईबाबा वेगळे होताहेत' हे वाक्य मी पहिल्यांदा एका मुलीच्या तोंडून ऐकलं ते दुतोंड्या मारुतीचं रेखाटन चालू असताना. तिने मान वर केली नाही, मीही केली नाही.

म्हणून प्रदर्शन भरवा, जरूर भरवा. शाळेत भरवा, कुसुमाग्रज स्मारकात भरवा. पण चित्रावर क्रमांक नको. नाव, इयत्ता, तुकडी चित्राच्या मागे असू द्या आणि चित्र भिंतीवर लावायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या. ते 37 नंबरचं चित्र पहिलं आलं असतं, तर त्याच्या पप्पांची रात्र सभागृहात नावानिशी टांगली गेली असती, हेही मला नंतर सुचलं.

आणि स्पर्धा हवीच असेल, वरच्या वर्गातल्या, कला-डिझाइनच्या महाविद्यालयांतल्या मुलांसाठी, तर त्यांना घोषवाक्य मागू नका, कोडं घाला. डिझाइन म्हणजे अडलेलं काम सोडवणं. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून असेल तर आत जाणारं प्रत्येक मूल सगळ्यांना दिसतं. मग दार कुठे असावं? खोलीचं नाव काय असावं, म्हणजे तिथे जाताना लाज वाटणार नाही? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीसह 20 भाषांत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो नोटीस बोर्डावर असून उपयोग काय, जिथे उभं राहून कुणी लिहून घेणार नाही? तो सिटीलिंक बसच्या पासाच्या मागे कसा छापता येईल, वसतिगृहाच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कसा लावता येईल? सुरगाण्याहून, पेठहून आलेली मुलगी घरी कोकणा बोलते, सटाण्याकडचा मुलगा अहिराणी. त्यांना 'समुपदेशन' या शब्दाऐवजी कोणता शब्द आपला वाटेल? एकच फोन चौघींत वापरणाऱ्या मुलीने फोन करावा कुठून? त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचाराच्या खिडकीपर्यंत पोचायला गेटपासून काय काय विचारत जावं लागतं, हे पाच विद्यार्थ्यांनी एक सकाळ चालून पाहिलं आणि साधे बाण रंगवले, तर ते 64 पोस्टरांपेक्षा मोठं काम होईल. अशा स्पर्धेत जिंकलेली गोष्ट दुसऱ्या दिवसापासून वापरता येते. निकाल लावणाऱ्यांत त्या खोलीत कधी जाऊन आलेली, आणि तसं आपणहून सांगायला तयार असलेली, एक-दोन तरुण मुलंही असावीत.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे सगळे विचारतात. मी त्याला माझा नंबर दिला आणि त्याच्या वर्गशिक्षिकेशी त्याच्यासमोरच बोलले. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं, मावशीने त्याच्या पप्पांना डॉक्टरांकडे नेलं. बाग अजून आहे, कर्जही आहे. चित्र त्याने घरी लावलेलं नाही, कपाटावर गुंडाळून ठेवलं आहे, असं दिवाळीत फोनवर सांगितलं.

यंदाही त्याच शाळेतून फोन आला, 10 ऑक्टोबरला परीक्षक म्हणून याल का मॅडम? मी येते म्हटलं. गुणपत्रक छापू नका, एवढी विनंती केली. त्याऐवजी सभागृहाच्या खिडकीशी दोन खुर्च्या ठेवा, एक माझ्यासाठी आणि एक चित्र घेऊन येणाऱ्या मुलासाठी. आणि त्या दिवशी पूर्ण वेळ एक समुपदेशक शाळेत हवेत, तेही फक्त त्या दिवसापुरते नव्हे. मुख्याध्यापक म्हणाले, खुर्च्यांचं लगेच करतो, समुपदेशकांचं संस्थेला विचारून सांगतो. मी अजून त्यांच्या फोनची वाट बघते आहे.